बहारीनमध्ये दिलेला वन्स मोअर

बहारीनला कुणी सहज म्हणून जात नाही. जातात ते नोकरीला, नाहीतर मुलीच्या बाळंतपणाला. मी गेले ती भावाचं घर आवरायला. शिरीष, माझा धाकटा भाऊ, तिथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर. तरुणपणी गेला, तो आता रिटायर होऊनच परत यायचा होता. नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की विमानात बसायचं. भावजय पुण्याचा फ्लॅट लावायला आधीच पुढे आली होती. मागे राहिलेला संसार खोक्यांत भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"ताई, ये. आणि येताना तुझी रंगाची पेटी आण," असं शिरीष फोनवर म्हणाला.

घर आवरायला रंगाची पेटी कशाला, ते काही त्याने सांगितलं नाही. आमचे अण्णा सांगलीतले रंगभूषाकार. संगीत नाटकांच्या नटांचे चेहरे त्यांनी जन्मभर रंगवले आणि त्यांच्या हाताखाली मीही शिकले. स्पर्धेची नाटकं, शाळांची गॅदरिंग, लग्नातल्या नवऱ्या, सगळं केलं. आता गुडघे बोलतात म्हणून बंद केलंय, पण पेटी अजून कपाटात असते. म्हटलं, नेऊ. वजन काय, मी थोडीच उचलणार होते.

ईसा टाउन

पहिल्या सकाळी शिरीषने कोपऱ्यावरून नाश्ता आणला. डबा उघडला तर आत गोड शेवया, केशर-वेलदोड्याचा घमघमाट, आणि वर पांघरूण घातल्यासारखं अख्खं ऑम्लेट. याला बलालीत म्हणतात.

"अरे, त्यांनी चुकून दोघांचा नाश्ता एका डब्यात घातला का?" मी विचारलं.

"खा गं आधी. मग नावं ठेव."

खाल्लं. वाईट नाही लागत. तरी मी ऑम्लेट बाजूला काढून आधी ते संपवलं आणि मग शेवया खाल्ल्या. साठी उलटल्यावर माणसाने एका दिवसात सुधारायचं म्हणजे किती सुधारायचं.

ईसा टाउन हे आखून वसवलेलं गाव. सरळ रस्ते, वाळूच्या रंगाची घरं, मधूनमधून खजुराची झाडं. सकाळी शाळेच्या बसेस सुटल्या की आपण कुठल्या देशात आहोत हे विसरायला होतं, कारण प्रत्येक थांब्यावर डबा विसरलेल्या पोराच्या मागे धावणारी एक आई असते आणि ती बहुतेक आपल्याकडचीच असते. शेजारच्या मुलीला मी मराठीत नाव विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं. शाळा कुठली, तेही इंग्रजीत. कळत मात्र तिला सगळं होतं, कारण मी शिरीषला हळूच "भारीच आगाऊ आहे" म्हटलं तेव्हा ती हसली.

दुपारी खोकी भरताना कपाटाच्या वरच्या फळीवर बुटांचा एक जुना डबा सापडला. आत कॅसेटी. त्यातल्या एकीवर पाच जणांचा फोटो होता. पांढरेफेक चेहरे, काजळाने कोरलेले डोळे, आभाळाकडे उभे केलेले केस, गळ्याशी लेस, एकाच्या अंगात तर चक्क झालरीचा झगा.

"ही कुठली नाटक कंपनी रे?"

"कंपनी नाही, बँड आहे. जपानी. सगळे पुरुष आहेत त्यात."

"ते दिसतंय मला. डावीकडचा स्त्रीपार्टी चांगला आहे हो. भुवया कुणीतरी जाणत्या हाताने काढल्यात."

शिरीष हसता हसता खोक्यावर बसला आणि खोकं दबलं. मग त्याने सगळी हकिकत सांगितली. तो नवीन असताना कारखान्यात यंत्र बसवायला मोरी-सान नावाचा एक जपानी इंजिनिअर आला होता. दिवसभर गप्प. संध्याकाळी खोलीवर ही गाणी लावायचा. त्याच्या देशात तेव्हा या प्रकाराची मोठी लाट होती. त्याला व्हिज्युअल के म्हणायचे. म्हणजे गाणं जितकं ऐकायचं तितकंच बघायचं. जाताना मोरी-सानने या कॅसेटी शिरीषला दिल्या, आणि आमच्या घरात ताटं बडवल्याबद्दल मार खाल्लेल्या या मुलाने परदेशात ड्रम विकत घेतले.

"म्हणजे इतकी वर्षं तू तिकडे हे करतोस? आणि घरी एका अक्षराने बोलला नाहीस?"

"काय सांगणार? अण्णांना सांगितलं असतं तर?"

अण्णांनी आधी मेकअपला नावं ठेवली असती आणि मग तो कसा केला ते विचारलं असतं. मी तसं म्हटलं. शिरीषने कॅसेट हातात फिरवली आणि तो म्हणाला, "खरं गं. चुकलंच."

मआमीर

शुक्रवारी सुट्टी. शिरीष मला तालमीला घेऊन गेला. मआमीर हे कारखान्यांच्या कडेला असलेलं गाव, आणि तालमीची जागा म्हणजे एक गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. आजूबाजूला कायम खडखडाट, त्यामुळे यांनी कितीही बडवलं तरी कुणी दार ठोठावत नाही. गॅरेज हमदच्या मामाचं. हमद तिथलाच, गिटार वाजवतो आणि आपल्यापेक्षा स्वच्छ हिंदी बोलतो. दुसरा गिटारवाला जोजो, फिलिपिन्सचा. गाण्याच्या सुरुवातीला तो कीबोर्डवर पियानो वाजवतो आणि मग उठून गिटार घेतो. आणि गाणारे लतीफभाई. मूळ दापोलीकडचे, बंदरातून माल सोडवणाऱ्या एका ऑफिसात क्लार्क. पांढरी दाढी, गळ्याभोवती भर उकाड्यात मफलर.

"यल्ला," म्हणजे चला, हमद म्हणाला, आणि जोजोने पियानो सुरू केला.

मला वाटलं होतं, नुसता कानठळ्या बसवणारा प्रकार असणार. पण सुरुवात इतकी हळू की आपल्याकडे पडदा उघडण्याआधी ऑर्गनवर कुणी सूर धरावा तशी. मग दोन्ही गिटारी एकच चाल वाजवायला लागल्या, एक जरा वर, एक जरा खाली. आणि मग शिरीष जो सुटला. माझा भाऊ, ज्याला जिना चढताना दम लागतो, तो दोन्ही हातापायांनी असा वाजवत होता की मला त्याची काळजीच वाटायला लागली. तेवढ्यात सगळं एकदम थांबलं आणि पुन्हा नुसता पियानो राहिला.

गाण्यात शब्द जिथे यायला हवेत तिथे मात्र कुणी गात नव्हतं. लतीफभाई टायरच्या चळतीवर बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

चहाच्या वेळी शिरीषने विचारलं, "लतीफ, मग कोजागिरीला?"

"इंशाल्ला."

"तुझं इंशाल्ला म्हणजे हो की नाही, ते मला अजून कळलेलं नाही."

लतीफभाईंनी मफलर सारखा केला. "एकदाच गाईन, शिरीष. एकदाच. तेवढंच हाय गळ्यात. दुसऱ्यांदा मफी."

मफी म्हणजे नाही, शिल्लक नाही. तिकडे येता-जाता वापरतात. साखर मफी, पार्किंग मफी. पण त्या दिवशी तो शब्द ऐकून कुणी हसलं नाही.

परतताना गाडीत शिरीषने सांगितलं. वर्षापूर्वी लतीफभाईंच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, वरचे सूर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हळूहळू गा. त्यांनी गाणंच सोडलं. आता मराठी मंडळाने कोजागिरीच्या कार्यक्रमात शिरीषला निरोप म्हणून थोडा वेळ दिला होता. या चौघांचं शेवटचं वाजवणं.

"मी गेलो की बँड संपला," शिरीष म्हणाला. "आणि आत्ता गायला नाही तर लतीफ पुन्हा कधी गाणार नाही. मला माहितीये तो. माझं विमान सुटलं तरी चालेल, ताई, पण त्याला एकदा गाताना ऐकल्याशिवाय मला जायचं नाही."

एवढं सरळ तो लग्न ठरवतानाही बोलला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत बसले. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, पण त्याच्याकडे बघवेना.

लतीफभाईंचं घर

लतीफभाईंच्या बायकोचं नाव मेहरुन. तिने जेवायला बोलावलं होतं. तांदळाची भाकरी, साफी नावाचा तिथला लाडका मासा तळलेला, आणि सोलकढी. कोकम दापोलीहून येतं, नारळ कुठून येतो ते तिला ठाऊक नव्हतं. मी खाल्लं किती ते लिहीत नाही.

"तुला आवडतात का गं यांची ती गाणी?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं, ताई? जपानी ती. यांना तरी कुठं कळतंय." ती भाकरी थापता थापता म्हणाली. "आंघोळीला गेले की सुरू व्हायचे. मी किचनचं दार लावून घ्यायची. डोकं उठायचं माझं."

"आणि आता?"

"आता उघडंच असतं दार."

तिने भाकरी उलटली.

गाण्याचा अर्थ खरोखरच कुणाला माहीत नव्हता. मोरी-सानने एवढंच सांगितलं होतं की गाण्यातला माणूस कुणाला तरी "थांब" म्हणतोय. त्या एका शब्दावर या लोकांनी इतकी वर्षं काढली.

जेवणानंतर लतीफभाईंनी मफलर सोडला. मानेवर खाली एक आडवी रेघ होती.

"वासंतीताई, ही झाकता येईल? मान्सं गाणं ऐकायचं सोडून हिच्याकडंच बघतील. दाढीला मात्र हात लावायचा नाय हां."

माझी पेटी कशासाठी आणवली होती ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आमच्या अण्णांनी देवीचे व्रण झाकून राजपुत्र उभे केलेत. रेघेचं काय घेऊन बसलात." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. मला फुशारकी मारायला आवडते, पण ती त्या दिवशी उपयोगी पडली.

अस्कर

कोजागिरीच्या दिवशी सकाळी शिरीष मला अस्करला घेऊन गेला. कारखाना तिथून जवळ. त्याला शेवटचा एकदा बघायचा होता, पण आत जायचं नव्हतं. कार्ड परत केलं होतं. आम्ही समुद्राच्या कडेला उभे राहिलो. पाणी उथळ आणि इतकं शांत की हा समुद्र आहे यावर कोकण बघितलेल्या माणसाचा विश्वास बसू नये. चार-दोन होड्या, आणि लांबवर कारखान्याची लांबच लांब छपरं.

"तिथे," शिरीषने बोट दाखवलं. "त्या तिसऱ्या छपराखाली माझं तारुण्य गेलं."

"बरं गेलं का?"

"बरं गेलं," तो म्हणाला.

मग आम्ही कडक चहा प्यायलो, एका म्हाताऱ्या कोळ्याशी शिरीष अरबीत बोलला, मी शिंपले वेचले. गाडीकडे परत आलो आणि मी मागचं दार उघडलं. संध्याकाळची सोय म्हणून मी पेटी गाडीतच ठेवली होती. ऑक्टोबर म्हटल्यावर माझ्या डोक्यात सांगलीचा ऑक्टोबर. तिथल्या बंद गाडीत रंगाच्या कांड्यांचं पार सूप झालं होतं. पांढरा, गुलाबी, तपकिरी, सगळे एकमेकांत जाऊन पेटीच्या फटींतून सीटवर ओघळले होते.

"खलास," शिरीष म्हणाला.

घरी पोचेपर्यंत आम्ही भांडलो. गाडीत ठेवायला तूच सांगितलंस, मी नाही, तूच. लहानपणी भांडायचो तसं. मग दोघंही दमलो.

कोजागिरी

शाळेचं सभागृह खचाखच भरलं होतं. बाहेर आवारात पातेल्यांत मसाला दूध, आणि पार्किंगच्या वर चांगला मोठा चंद्र. एका रिकाम्या वर्गात, पहिलीच्या पोरांच्या बाकावर या चार मोठ्या पुरुषांना बसवून मी कामाला लागले. हाताशी होती टाल्कम पावडर, काजळ आणि मेहरुनची लिपस्टिक. अण्णांनी बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं. तरी पांढरे चेहरे झाले, डोळे कोरले, स्प्रे मारून केस उभे राहिले. हमद आरशात बघून खूश झाला. शिरीषला टक्कल असल्यामुळे तो प्रश्न मिटला.

लतीफभाईंची रेघ मात्र पावडरीने झाकेना. घाम आला की पुन्हा दिसायची. ते मफलर हातात घेऊन बसले. मेहरुन दारात उभी होती. तिने बघितलं, पर्समधून कात्री काढली, आपल्या काळ्या ओढणीची लेस सरळ कापली आणि माझ्या हातात दिली. मी ती त्यांच्या गळ्याभोवती बांधली. कॅसेटवरच्या फोटोत होती तशीच दिसत होती.

"दाढीवाला जपानी," मेहरुन म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मंडळाच्या बायकांची भावगीतं झाली आणि मग हे चौघे स्टेजवर आले. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पुढची पोरं मात्र एकदम सरसावून बसली. ती जपानी कार्टून बघत वाढलेली, त्यांना हे अवतार ओळखीचे वाटले.

पियानो सुरू झाला. लतीफभाईंनी डोळे मिटले आणि गायले. वर्षभर दाबून ठेवलेला तो आवाज किंचित घोगरा होता, पण जागेवर होता. शिरीष त्यांच्याकडे बघत वाजवत होता, ड्रमकडे नाही. शेवटी वरचा सूर आला, ज्याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. त्यांनी तो घेतला. चिरला, थरथरला, पण घेतला. गाणं संपलं. शिरीषने काठ्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आणि मी ओरडले, "वन्स मोअर."

काय सांगू. मी सांगलीची. पद रंगलं की वन्स मोअर द्यायचा, हे मला बोलता यायच्या आधी येत असेल. डोक्यात काही विचार येण्यापूर्वी तोंडातून गेलं होतं. आणि मंडळात नाटकवेडे काय कमी? मागून आला, डावीकडून आला, अख्खं सभागृह वन्स मोअर मागायला लागलं. मग मला आठवलं. एकदाच, ते म्हणाले होते. माझ्यासमोर म्हणाले होते.

शिरीषने मान हलवून नको म्हटलं. लतीफभाई लोकांकडे बघत होते. मग त्यांनी जोजोला हाताने खूण केली आणि पियानो पुन्हा सुरू झाला.

पहिलं, खालच्या सुरातलं कडवं निघालं. दुसरं ओढत निघालं. चढण आली आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हवा. मग शिरीषने व्हिडिओंत मला दाखवलं होतं तसं, ते जपानी गायक करतात तसं, त्यांनी माईक लोकांकडे वळवला. तिकडे हजारो लोक पुढची ओळ गातात. इथे कोजागिरीला आलेली मराठी माणसं. कोण गाणार? वाद्यं वाजत राहिली आणि गाण्याची जागा मआमीरच्या गॅरेजमधल्यासारखी रिकामी राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

मेहरुन गात होती. बसल्या जागी, हात मांडीवर ठेवून, समोर बघत. जपानी शब्द, एकही न अडखळता. कोकणातल्या लग्नात बायका गातात तसा जाड, सपाट आवाज. तिने ती उंच ओळ उंच घेतलीच नाही. अख्खं एक सप्तक खाली आणली आणि आपल्या आवाजात आरामात म्हटली. खाली ती ओळ तितकीच चांगली लागत होती. तिथेही ती "थांब"च म्हणत होती.

लतीफभाई तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माईक परत आपल्याकडे वळवला आणि तिच्या सुरात, खाली, तिच्याबरोबर गायला लागले. शेवटपर्यंत दोघांनी म्हटलं. शिरीष ड्रम वाजवताना उघड उघड रडत होता आणि त्याचं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. मीही रडले. मला लाज वाटली नाही.

दूध पिताना मी मेहरुनला विचारलं, "अगं, तू तर दार लावून घ्यायचीस ना?"

"लावायची की," ती म्हणाली. "इकडची दारं पातळ असतात, ताई."

सांगली

येऊन आता महिना झाला. शिरीष पुण्याच्या फ्लॅटमध्ये ड्रम कुठे ठेवायचे यावरून भावजयीशी बोलणी करतोय. माझी पेटी मी घासूनपुसून कपाटात ठेवलीये. सीटवरचा गुलाबी डाग मात्र गाडीबरोबर हमदकडे गेला.

काल लतीफभाईंचा आवाजी मेसेज आला. नळाचं पाणी वाहताना ऐकू येतं, म्हणजे बाथरूममधूनच असावा. तेच गाणं, पण पूर्ण खालच्या सुरात. मधे ते एके ठिकाणी अडखळतात, आणि लांबून, भांड्यांच्या आवाजातून मेहरुन पुढचा शब्द सांगते. मग ते पुढे जातात.

मी स्वयंपाकघरात उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावलं. मग पुन्हा. इथून मी कितीही वन्स मोअर दिले तरी त्यांचा गळा दुखणार नाही.